हमीदा खालाचं गाठोडं

हमीदा खालाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती न्यायाधीशांच्या खुर्चीवर बसली होती.

कोर्ट सुरू व्हायला अवकाश होता. आदल्या दिवशी टेबलावर विसरलेला चष्मा घ्यायला मी आत शिरले, तर समोर उंचावर, साहेबांच्या त्या जुन्या लाकडी खुर्चीत, साठी ओलांडलेली एक मुसलमान बाई. डोक्यावरून ओढणी, डोळ्यांत सुरमा, दातांत धाग्याचं टोक. आणि ती बसल्या बसल्या चक्क उड्या मारत होती. एकदा डावीकडे कलून, एकदा उजवीकडे कलून, मग मागे रेलून डोळे मिटून. ज्या खुर्चीला आम्ही काळे कोटवाले रोज कमरेत वाकून नमस्कार करतो, तिच्यावर हा प्रकार.

“अहो बाई! उतरा आधी! साहेबांची खुर्ची आहे ती!”

तिनं एक डोळा उघडला. “मंग? साहेब बसतीन तं याच गादीवर ना? मी बसून नाई पाह्यलं तं समजन कसं?” आणखी एक उडी मारून तिनं निकाल दिला, “उजव्या अंगाले दबते. वाकडे बसतेत तुमचे साहेब.”

मग सावकाश उतरून, गादी काखेत मारून, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत ती म्हणाली, “तू पालथी झोपते. पाठ दुखते तुही.”

मी पालथी झोपत नाही. तसं तिला सांगितलं. “झोपते,” ती म्हणाली, “तुले मालूम नसन.” आणि गेली.

मी कारंज्यात वकिली करते. खोटं बोलणारे, खरं बोलून फसणारे, दोन्ही प्रकार रोज बघते. पण या बाईनं मला जेवढे धक्के दिले, तेवढे सगळ्या वकिलीनं मिळून दिले नसतील. हा त्यातला पहिला आणि सगळ्यात किरकोळ.

जुन्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत तिचं गादी-रजईचं दुकान होतं. पिंजाऱ्याचं घर. नवरा गेल्यावर तिनं कापूस पिंजायचं मशीन घेतलं आणि नवऱ्याची जुनी धनुकली भिंतीवर टांगून ठेवली. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ती त्या धनुकलीकडे बघून म्हणायची, “ऐकून राह्यले ना?” गिऱ्हाईक बिचारं मेलेल्या माणसापुढे भाव कसा करणार? कोर्टाच्या खुर्च्यांच्या गाद्या भरायचं काम बरीच वर्षं तिच्याकडेच होतं, म्हणून साहेब, बेंच क्लार्क, शिपाई, आम्ही वकील, सगळे तिच्या लेखी तिच्या गाद्यांवर बसणारी माणसं होतो. माणूस कसा झोपतो हे ती चेहऱ्यावरून सांगायची. निम्म्या वेळा चुकायची आणि कधीही कबूल करायची नाही. तंबाखूची डबी कमरेला. “हे व्यसन नाई, हे दवाई हाय,” असं तिचं म्हणणं. कसली दवाई, ते तिनं कधी सांगितलं नाही.

तिचा एक शब्द ठरलेला होता: जबान. दुकान बंद करायची वेळ, गादी द्यायचा दिवस, चहा पाजायचं कबूल केलेलं, सगळं जबानीवर. एकदा बाजारातल्या एका किराणा व्यापाऱ्यानं चारचौघांत म्हटलं की खालानं जुना कापूस नवा म्हणून भरला. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानी गेली, ती गादी मागून घेतली आणि त्याच्या पायरीवर बसून कात्रीनं टराटरा उसवली. वारा होता. कापूस उडाला तो लोकांच्या केसांत, शेजारच्या हॉटेलातल्या जिलबीच्या ताटात, त्या व्यापाऱ्याच्या मिशीत. कापूस नवाच होता. तेवढ्यावर ती उठली नाही. सगळा कापूस वेचून तिथंच पायरीवर तिनं गादी पुन्हा भरली, शिवली, त्यात अख्खी दुपार घालवली. गिऱ्हाइकाला आत शिरायला जागा नाही. व्यापारी हात जोडून म्हणाला, “खाला, माफ करा, उठा आता.”

“उठते ना. टाके झाले का उठते. नवी गादी देते म्हनून जबान देल्ली होती मी.”

ही हकीकत आम्ही हसत हसत सांगायचो. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

गजू इंझोरीचा. गजानन. पंचविशीचा, कारंज्यात मालवाहू टेम्पो चालवायचा. हात कामाला चांगला, पण चिलमीच्या नादी लागलेला. एका संध्याकाळी नाक्यावर पोलिसांनी झडती घेतली तेव्हा त्याच्या सीटखाली गांजाची पुडी निघाली. माल थोडा, फक्त स्वतःपुरता. केस माझ्याकडे आली.

अशा केसचं काय होतं ते सांगते. एक तर पंच फिरतात, आरोपी सुटतो आणि संध्याकाळी पुन्हा चिलीम पेटवतो. नाही तर काही महिने आत जातो आणि येताना असल्या धंद्यातल्या चार पक्क्या ओळखी घेऊन येतो. मला दोन्हींचा वीट आला होता. आणि गजू मला म्हणाला, “म्याडम, मले सोडवू नका. सुटलो का मी पुन्ना ओढीन. मले मालूम हाय.”

याआधी कुठल्याच अशिलानं मला असं म्हटलं नव्हतं.

कायद्यात एक कलम आहे. फारसं कुणी त्याच्या वाट्याला जात नाही. माल थोडा असेल, माणूस व्यसनी असेल आणि गुन्हा शाबीत झाला असेल, तर लगेच शिक्षा देण्याऐवजी त्याच्या राजीखुशीनं त्याला सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला पाठवता येतं. त्यानं बंधपत्र लिहून द्यायचं, जामीनदार द्यायचा आणि वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल घेऊन कोर्टापुढं यायचं. सुधारला तर समज देऊन सोडायचं. नाही सुधारला, पळाला, तर शिक्षा आहेच.

गजूनं गुन्हा कबूल केला. मी ते कलम दाखवलं. साहेब तरुण होते, साताऱ्याकडचे, त्यांची ही पहिलीच नेमणूक. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि राजी झाले. आता फक्त जामीनदार हवा. गजूचे वडील मागं उभे होते, शेतातून तसेच आलेले. साहेबांनी त्यांना पुढं बोलावलं. ते आले नाहीत. “माहा पोरगा नाई तो,” एवढं म्हणाले आणि बाहेर पडले. गजूनं मान खाली घातली. जामीनदार नाही म्हणजे उपचार नाही; त्या पोराला त्याच दिवशी तुरुंगाची वाट धरावी लागणार होती.

“मी राह्यते ना, साहेब.”

आवाज मागून आला. खाला वकिलांच्या बाकाची उसवलेली गादी न्यायला आली होती, ती काखेत तशीच.

साहेबांनी विचारलं, “आजी, तुमचं याचं नातं काय?”

“नातं कायचं? माह्या गाद्या नेते तो टेम्पोत.”

“मग जामीन कशासाठी राहताय?”

खालाला हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. “मागच्या साली मानोऱ्याच्या रस्त्यानं रजया घेऊन जाऊन राह्यला होता. पानी आलं. ताडपत्री फाटकी. यानं सोताच्या अंगावरचं कांबयं काढून माह्या रजयांवर टाकलं अन् सोता ओला होत गेला. एक रजई भिजू देल्ली नाई. मंग मी कायले नाई राहू?”

सरकारी वकिलांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी घरटॅक्सची पावती बघितली आणि सही घ्यायला सांगितलं. सही करायच्या आधी खालानं बेंच क्लार्क इंगोले बाबूंना हळूच विचारलं, “अन् हा पयून गेला तं?”

इंगोले बाबू सगळ्याच जामीनदारांना दम भरतात. सवयीनं म्हणाले, “मग तुम्हाला धरतील.”

खालानं लेखणी तशीच धरून ठेवली. गजूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग “हमीदा बी” अशी एकेक अक्षर जोडत सही केली.

गावानं लगेच तर्क लढवले. हिचा मुलगा असाच गेला असेल, म्हणून हिला कळवळा. तसं काही नव्हतं. दोन मुलं अकोल्याला, धडधाकट, कामधंद्यात, आणि आईनं कुणा परक्यासाठी सही केली म्हणून रोज फोनवर भांडणारी. “त्याईले काय समजते,” एवढंच ती म्हणायची.

काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी उपचार केंद्रातून कळलं, गजू पळाला.

वॉरंट निघालं. जामीनदाराला नोटीस काढायचं ठरलं. नोटीस अजून टाईपसुद्धा झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या वेळी व्हरांड्यात गलका ऐकू आला म्हणून मी बाहेर गेले. दारावरचा हवालदार आणि खाला यांची जुंपली होती. तिच्या हातात एक गाठोडं, जाड्या चादरीत घट्ट बांधलेलं. हवालदार म्हणत होता, तपासल्याशिवाय आत नेता येणार नाही. ती म्हणत होती, तपास ना, मी कुठं नाई म्हनून राह्यली?

त्यानं गाठ सोडली. आतून एक पातळ गोधडी निघाली. तांब्या निघाला. नमाजाची जानमाज, गोळ्यांची पट्टी, एक लुगडं. आणि तळाशी कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी, न शिवलेली, वर अत्तराची छोटी कुपी.

“हे काय खाला? शिवायचं कापड इथं कशाला आणलं?”

“कफन हाय ते, बाप्पा.”

हवालदाराचा हात तिथंच थांबला.

“आत गेल्यावर मानसाचा काय भरवसा? तिकडंच संपली तं सरकारले तरास कायले? माहं हाय, धुतलेलं हाय.”

व्हरांड्यात इतकी माणसं होती. पक्षकार, पोलीस, झेरॉक्सवाला, आम्ही वकील. सगळे त्या पांढऱ्या घडीकडे बघत राहिले. हवालदारानं, ज्याला मी कधी कुणाशी धड बोलताना पाहिलं नव्हतं, त्यानं दोन्ही हातांनी ती घडी जशीच्या तशी आत ठेवली आणि गाठ बांधून दिली.

साहेब बसल्या बसल्या ती पुढं झाली. “साहेब, पोट्टा पयाला. मी जामीन होती. घाला मले आत.”

साहेबांना ‘पयाला’ म्हणजे पळाला हे आधी कळलंच नाही. मी सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत ताठ झाले. मग त्यांनी खूप शांतपणे समजावलं की जामीनदार म्हणजे आरोपीच्या जागी शिक्षा भोगणारा माणूस नव्हे. फार तर कागदावर लिहिलेली रक्कम सरकारात भरावी लागते, तीही विचारपूस झाल्यावर. तुम्ही घरी जा.

“पैशानं जबान सुटते का?” खाला म्हणाली.

“आजी, कायदाच तसा आहे. तुम्हाला कुणी तुरुंगात टाकणार नाही.”

इथवर सगळं ठीक होतं. पण इंगोले बाबूंना गप्प बसवेना. ते कायद्याच्या बाबतीत फार काटेकोर. खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सर, रक्कम न भरल्यास आणि जप्तीतूनही वसूल न झाल्यास जामीनदाराला दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे.”

“पाह्य!” खाला माझ्याकडे वळली. “म्हनत होती ना मी!”

त्यानंतर मी तिला चहा पाजून समजावलं, रागावून समजावलं, तिच्या मुलाला फोन लावून समजावलं. पैसे न भरणाऱ्याचा मामला वेगळा, तुझा वेगळा, तुझी घरटॅक्सची पावती आहे, तुला कोण हात लावतंय. ती ऐकून घ्यायची आणि माझा हात थोपटायची. “तू माह्यासाठी असंच म्हनशीन. चांगली हायेस.” वकील अशिलाला धीर देतो, खरं सांगत नाही, हे तिला इतरांकडे बघून ठाऊक होतं. त्यामुळं मी जितकं जोर लावून सांगावं तितकं तिला खोटं वाटायचं.

आणि ती रोज येऊन बसू लागली. कोर्ट उघडलं की व्हरांड्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, शेजारी गाठोडं. “बोलावतीन तवा मी हाजर पाह्यजे. शोधत यावं लागलं तं बदनामी हाय.” नमाजाची वेळ झाली की हवालदार आपली खुर्ची सरकवून तिला जागा द्यायचा. नुसतं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं कोर्टातल्या खुर्च्यांच्या गाद्या एकेक करून बाहेर मागवल्या आणि भरायला घेतल्या. साहेब जाता येता मान खाली घालून जायचे. म्हातारीनं कोर्टाला पेचात पकडलंय, असं आम्ही वकील मंडळी आपसात म्हणायचो. सत्याग्रहच आहे हा, एक जण म्हणाला. आम्हाला वाटलं, हिला सगळं कळतं. पोराला लाज वाटावी म्हणून हे चाललंय.

एकदा मी दुपारची तिच्या घरी डोकावले. दुकानाच्या मागं खोली. तिनं अंग टाकलं होतं, उघड्या फरशीवर. खाली चटईसुद्धा नाही. भिंतीशी नव्या कोऱ्या गाद्यांची थप्पी छतापर्यंत.

मी दारातच थबकले. “खाला, हे काय? बरं वाटत नाही का?”

“सवय करून राह्यली,” ती उठून बसत म्हणाली. “आत गादी नसते म्हनते. या वयात येकदम कसं जमन?” मग कमरेशी हात नेला, आणि तिथं डबी नव्हती. “तंबाखूबी सोडली. तेबी भेटत नाई म्हनते आत.”

मी हसले. खरंच हसले, कारण मला ती माझी गंमत करते आहे असं वाटलं. तीही माझ्याबरोबर थोडंसं हसली.

तंबाखू सुटल्यापासून ती भयंकर चिडकी झाली होती. इंगोले बाबूंना एकदा सुई टोचेन म्हणाली. “त्या पोट्ट्याचं काय होत असन, आता समजून राह्यलं मले,” असं पुटपुटताना मी तिला ऐकलं होतं.

गजू तिकडं पोहरादेवीला होता. रामनवमीच्या गर्दीत माणूस हरवायला वेळ लागत नाही. एका चहाच्या दुकानात कप विसळत होता. यात्रेला आलेल्या कारंज्याच्या कुणीतरी त्याला ओळखलं. तोवर आमच्या बाजारानं बातमीला पाय फोडले होते. कोर्टात बसलेल्या खालाची बातमी एस.टी.नं पोहरादेवीला पोचेपर्यंत खाला तुरुंगात जाऊन पडली होती. “गजू, तुह्यापायी गादीवालीले आत टाकलं,” असं त्या माणसानं त्याला सांगितलं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असं कुठं असतं का? गजूला तसं वाटलंच नाही. आमच्याकडं जामीन राहणं म्हणजे माणसाच्या जागी माणूस, हेच सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. खालाची जी चूक, तीच त्याची.

जेवणाची सुट्टी होती. मी व्हरांड्यातच होते. फाटकातून एक धुळीनं माखलेला माणूस पळत आला आणि ओरडला, “तिले सोडा! मी आलो! सोडा तिले!” हवालदारानं त्याचा दंड धरला. तो तसाच ओढत पुढं आला आणि कोपऱ्यात पाहून जागच्या जागी थिजला. खाला मांडीवर गादी घेऊन टाके घालत होती.

“खाला... तुले तं आत...”

“नाई टाकलं अजून,” ती म्हणाली. मान वर केली नाही. “बस. साहेब जेवून राह्यले.”

तो तिथंच फरशीवर बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हमसू लागला. तिनं टाका पूर्ण केला. मला वाटलं होतं ती त्याला झोडपेल, नाही तर जवळ घेईल. तिनं फक्त सुई माझ्याकडं दिली. “ओव गं बाई. मले दिसून नाई राह्यलं.” सुईत धागा होताच.

दुपारी सुनावणी झाली. सरकारी वकील म्हणाले, संधी दिली होती, त्यानं ती मोडली. आता शिक्षा व्हावी. त्यांचं चूक नव्हतं. मी म्हणाले, पळालेला माणूस स्वतःच्या पायानं परत आलाय, हेच उपचाराचं पहिलं लक्षण समजावं. साहेबांनी गजूला विचारलं, का पळालास?

“भिंती अंगावर येत होत्या साहेब. हात थरथरे. मले वाटलं, मरतो आता.”

“पुन्हा पाठवलं तर?”

“जातो. मेलो तं चालन. पन तिले काई करू नका.”

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी खालाकडं पाहिलं. “आजी, याला पुन्हा पाठवायचं तर पुन्हा जामीनदार लागेल. तुम्ही तयार आहात?”

आम्हाला सगळ्यांना वाटलं, ती ताडकन हो म्हणेल. ती म्हणाली नाही. कठड्याचं लाकूड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तोंडाला कोरड पडल्यासारखं तिनं ओठांवरून जीभ फिरवली. “पुन्ना पयाला तं?”

साहेब दमले होते. “मग पाहू,” म्हणाले.

खालानं डोळे मिटले, उघडले. “हव. राह्यते.”

माझ्या शेजारचा वकील कुजबुजला, म्हातारी भाव खाते. मलाही तसंच वाटलं.

गजू परत उपचाराला गेला. ते महिने कसे गेले ते तोच जाणे. प्रत्येक तारखेला खाला कोर्टात हजर, गाठोड्यासकट. ते गाठोडं ती कुणाला उचलू द्यायची नाही. हवालदार पुढं झाला तर “माहं हाय, मीच नेईन” म्हणायची. इतर दिवशी ते दुकानाच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं असायचं, हात लांबवला की मिळेल असं. गिऱ्हाइकांना वाटायचं, कुठंतरी गावाला निघालीय.

खाला आता नाही. गेल्या हिवाळ्यात गेली, आपल्या घरी, आपल्या गादीवर. ते पांढरं कापड तेव्हा कामी आलं, अत्तराची कुपीही. कबरस्तानात गजू होता, त्याचे वडीलही होते. पण तिची आठवण निघाली की मला तिचं ते शेवटचं दर्शन आठवत नाही. मला आठवतो गजूच्या निकालाचा दिवस.

अहवाल चांगला आला होता. डॉक्टरांचा शेरा, केंद्राचा शेरा, सगळं. गजूच्या अंगावर मांस आलं होतं, नजर वर उचलली जात होती. साहेबांनी त्याला समज दिली, पुन्हा या वाटेला जाणार नाही असं त्याचं स्वतःचं बंधपत्र लिहून घ्यायला सांगितलं. मग हसून म्हणाले, “आता जामीनदाराची गरज नाही. आजी, तुम्ही मोकळ्या झालात.”

खाला कळल्या न कळल्यासारखी उभी राहिली.

“म्हंजे... मले जा लागत नाई?”

“कुठे?”

“आत.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. “नाही आजी.”

“आज नाई, का कधीच नाई?”

“कधीच नाही.”

ती तिथंच, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढं, मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. ओढणी सरकली, सुरमा गालांवर उतरला, तिला भान नव्हतं. “मले लय भेव लागे वो साहेब,” ती म्हणत होती. “लय भेव लागे. रोज भेव लागे. रात्रभर डोया लागे नाई माहा.”

म्हणजे ते सगळं खरं होतं. फरशी खरी होती, सोडलेली तंबाखू खरी होती, ते कफन खरं होतं. ज्याला आम्ही सत्याग्रह म्हणत होतो तो नव्हताच. ही बाई इतके महिने रोज सकाळी उठून, आज मला नेतील असं समजून, स्वतःच्या पायानं चालत आमच्या दारात येत होती. आणि ‘पुन्ना पयाला तं?’ असं विचारून, ‘मग पाहू’ हे उत्तर ऐकून, तिनं दुसऱ्यांदा सही केली होती. इंगोले बाबू खुर्चीतून उठून उभे होते, का उठले ते त्यांनाही माहीत नसावं. सरकारी वकील खिडकीबाहेर बघत होते.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. गजू मागं, दोन हात अंतर ठेवून. व्हरांड्यात कोपऱ्यात गाठोडं होतं. तिनं डोळे पुसले, सवयीनं वाकून गाठीत हात घातला, ते उचललं, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मग तिनं ते खाली पायरीवर ठेवलं.

“उचल रे गजू,” ती म्हणाली. “जड लागून राह्यलं आता.”